आसनक्षमता : चाकाची खुर्ची आणि भाड्याच्या गाडीचा परवाना

आमच्या आक्काची हिशेबाची एक वही माझ्याकडे आहे. लाल पुठ्ठ्याची, शंभर पानी. दूध, किराणा, भिशी, पुतण्यांच्या फिया असल्या नोंदींच्या मधूनच एखादी ओळ येते : ‘बारामती. दवाखाना. भाडे तीन सीट. खुर्ची टपावर.’ पुढे कुठे ‘बारामती. बँक. भाडे दोन सीट.’ आणि काही तारखांपुढे एवढेच : ‘गाडी मिळाली नाही.’

आक्का माझी थोरली बहीण. 1960च्या दशकात, तिच्या वयाच्या तिसऱ्या वर्षी, पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले. पन्नाशीपर्यंत ती कुबड्यांवर फिरली. मग खांद्यांनी साथ सोडली आणि ती चाकाच्या खुर्चीत आली. आमचे पिंपळी बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी याच रस्त्याने पुढे काटेवाडीला जाते. लाखो माणसे ज्या रस्त्याने पायी चालतात, त्याच रस्त्याने आक्काला बँकेपर्यंत जायचे तर आदल्या दिवशी गाडीवाल्याची मनधरणी करावी लागे.

एकदा मी गाडीवाल्याशी भांडलो. एका माणसाचे तीन सीटचे भाडे कशासाठी? तो शांतपणे म्हणाला, “अण्णा, आक्काला म्होरं बसवलं तर म्होरची दोन सीटं जात्यात. खुर्ची वर बांधायची, सोडायची, त्यात टाइम जातो. माझी गाडी सीटावर चालती. मला कसं परवडायचं?” त्याचे म्हणणे खोटे नव्हते, म्हणून भांडण मिटले. पण ‘गाडी सीटावर चालती’ हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. गाडी सीटवर चालते हे कोणी ठरवले? कधी ठरवले? वकिलीचे शिक्षण नसलेल्या माणसाने जुने कायदे वाचायला लागावे, याला एवढे निमित्त पुरले.

जागांची मोजणी

भाड्याच्या वाहनाला सरकारी परवाना हवा, ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली. तिची पहिली मोठी चकमक मोटारीशी नव्हे, पालखीशी झाली. 1827 साली कलकत्त्याच्या पोलिसांनी पालखी वाहणाऱ्या भोयांना नोंदणी, क्रमांकाचा बिल्ला आणि ठरीव दर सक्तीचे केले. भोयांनी खांद्यावरच्या पालख्या खाली ठेवल्या आणि शहराची वाहतूक ठप्प केली. आज रिक्षाचालकाच्या शर्टावर दिसणाऱ्या बिल्ल्याचे मूळ इतके मागे जाते.

1861चा ‘स्टेज कॅरेजेस’ कायदा घोड्यांनी ओढलेल्या आणि भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाड्यांसाठी होता. परवान्यात काय लिहायचे ते त्यात सांगितले आहे : मालकाचे नाव व पत्ता, घोडे किती, सामानाचे वजन किती आणि जास्तीत जास्त प्रवासी किती. आजच्या नोंदणी प्रमाणपत्रावर ‘आसनक्षमता’ म्हणून जो आकडा असतो, त्याचा हा पूर्वज. मुंबई शहरासाठी 1863 साली आणि पुन्हा 1920 साली सार्वजनिक वाहनांचे स्वतंत्र कायदे झाले. त्या सगळ्यांची काळजी साधारण एकाच जातीची : घोडा धडधाकट आहे ना, हाकणारा प्यालेला नाही ना, भाडे ठरल्यापेक्षा जास्त घेत नाही ना, माणसे कोंबत नाही ना. त्या काळाला ती काळजी योग्यच होती. पण गाडीत किती माणसे बसली हे मोजणारा कायदा ती माणसे आत चढली कशी, हे विचारत नव्हता.

मोटार आल्यावर 1914चा कायदा झाला. त्यात मुख्यतः नोंदणी आणि चालकाचा परवाना एवढेच होते. गंमत म्हणजे त्याच वर्षी दौंड–बारामती ही अरुंद रुळांची रेल्वे सुरू झाली. पुढच्या वीस वर्षांत मोटारगाड्या रेल्वेचे प्रवासी पळवू लागल्या. सरकारने नेमलेल्या मिचेल आणि किर्कनेस यांचा रस्ते-रेल्वे स्पर्धेवरचा अहवाल 1933 साली आला आणि त्या वादाच्या पोटी 1939चा मोटार वाहन कायदा जन्मला. कोणत्या मार्गावर, कोणी, कोणती गाडी चालवायची याचे ‘परमिट’ प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडून घ्यायचे, ही आजची पद्धत तिथून सुरू झाली. म्हणजे परमिट जन्मले तेव्हा त्याच्या नजरेसमोर प्रवाशापेक्षा रेल्वेचे उत्पन्न जास्त होते. पुढे रेल्वेच्या जागी एसटी आली, पण परमिटचा स्वभाव राखणदाराचाच राहिला.

उंच होत गेलेली पायरी

कायद्याचा इतिहास एका बाजूने असा चालला असताना प्रत्यक्ष गाड्यांचा इतिहास काय होता? तो मला आक्काच्या आठवणींतून कळला.

चालता न येणाऱ्या माणसासाठी डोली आणि मेणा ही सर्वांत सोयीची वाहने. ती अंथरुणापाशी येत आणि अंथरुणापाशी सोडत. अर्थात ती ऐपतीची सोय होती आणि तिचा भार दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर होता. ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. गरिबाचे वाहन बैलगाडी. आक्का सांगे, लहानपणी तिला बारामतीला न्यायचे तर बैलगाडीत कडबा अंथरायचे, त्यावर वाकळ टाकायची आणि गाडी ओट्याला लावायची. ओटा आणि गाडीचा तळ जवळपास एका पातळीत येई. ती हातांवर सरकत आत जाई. कोणी उचलावे लागत नसे.

1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. एसटीने महाराष्ट्राची खेडी जगाला जोडली, यात शंका नाही. अपंग प्रवाशाला तिने भाड्यात 75 टक्के सवलतही दिली. पण दाराशी उंच पायऱ्या होत्या. सवलतीचे ओळखपत्र हातात आणि दाराशी कंडक्टर व दोन सहप्रवासी उचलायला, असा आक्काचा प्रवास होई. कंडक्टर बहुधा भले असत. तरीही तिकीट एक चतुर्थांश आणि चढणे मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर, ही गोष्ट बदलत नव्हती.

रिक्षाचा तळ खाली असतो, म्हणून कुबड्यांच्या माणसाला ती बसपेक्षा बरी. 1959 साली बजाजला दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा परवाना मिळाला आणि पुढे पुण्याच्या आकुर्डीत तयार होणारी रिक्षा देशभर पसरली. पण बसणाऱ्याने खुर्ची सोडून सीटवर सरकले पाहिजे आणि घडी केलेली खुर्ची पायांशी आडवी घातली पाहिजे. ज्याला सरकता येत नाही, त्याच्यासाठी रिक्षाही उंचच.

आणि मग वडाप. 1980-90च्या दशकांत जीप, ट्रॅक्स यांसारख्या गाड्या बारामती–इंदापूर पट्ट्यात धावू लागल्या. साखर कारखान्याचा कामगार, दवाखान्याचा रुग्ण, कॉलेजची मुले, बाजारची बाई, सगळे वडापने जाऊ लागले. एसटी तासाने येई, वडाप भरली की निघे. कायद्याच्या भाषेत मात्र तिचे अस्तित्व अवघड आहे. 1988च्या मोटार वाहन कायद्यानुसार चालकाखेरीज सहापर्यंत प्रवाशांची गाडी ती ‘मोटर कॅब’, सातपासून बारापर्यंतची ‘मॅक्सी कॅब’. दोन्ही कंत्राटी वाहने. म्हणजे कराराने भाड्याने घ्यायची, करारात नसलेला प्रवासी वाटेत घ्यायचा-उतरवायचा नाही. वाटेवरचा हात दिसला की थांबणारी वडाप या व्याख्येत बसत नाही. पिंपळीच्या माणसाचे रोजचे वाहन हे असे परवान्याच्या कडेवर उभे आहे. ज्या गाडीचे अस्तित्वच धड मान्य नाही, तिच्या दाराला उतरण हवी असा नियम कोण करणार?

कायद्याला दिसलेला अपंग

कायद्याने अपंग माणसाची दखल घेतलीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. घेतली, पण वेगळ्या जागी. ब्रिटनच्या 1930च्या रस्ते वाहतूक कायद्यात ‘इनव्हॅलिड कॅरेज’ नावाचे वाहन होते : शारीरिक व्यंग असलेल्या माणसासाठी खास बनवलेले आणि केवळ त्याच्याच वापराचे. हीच संज्ञा आपल्या 1939च्या कायद्यात आली, 1988च्या कायद्यात टिकली आणि 2019च्या दुरुस्तीत तिची जागा ‘अडॅप्टेड व्हेइकल’ म्हणजे बदल करून घेतलेले वाहन या संज्ञेने घेतली. शब्द सुधारला, व्याख्याही सैल झाली. आधी वाहन मुळातच खास बनवलेले असावे लागे, आता नेहमीच्या गाडीत केलेले बदलही चालतात. पण ‘केवळ त्याच्याच वापराचे’ हा भाग तसाच राहिला.

ऐंशी वर्षांचा हा धागा नीट पाहावा. कायद्याच्या डोळ्यांपुढे अपंग माणूस येतो तो स्वतःच्या गाडीचा मालक म्हणून. सरकारी मदतीचेही तसेच. कानपूरची ‘अलिम्को’ ही सरकारी कंपनी 1972 साली स्थापन झाली आणि 1981 साली साहाय्यक साधने देण्याची केंद्राची योजना आली. त्यातून हाताने चालवायच्या तीनचाकी सायकली गावोगाव पोहोचल्या. आक्कालाही एक मिळाली होती. मोटार घेणाऱ्या अपंग व्यक्तीला करात सवलत मिळाली. 2020 साली वाहन नोंदणीच्या अर्जात मालकीच्या रकान्यात ‘दिव्यांगजन’ असा प्रकार वेगळा नोंदण्याची तरतूद झाली, ती याच सवलतींचा लाभ नीट मिळावा म्हणून. यातली प्रत्येक गोष्ट उपयोगाची आहे. पण सगळ्यांचा सूर एकच : तुमची गाडी तुम्ही बाळगा. ज्याच्याकडे गाडी घ्यायला पैसे नाहीत, किंवा ज्याला ती चालवता येत नाही, त्याने भाड्याच्या गाडीच्या दाराशी काय करायचे, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनाने हा शब्द मराठी वाचकाच्या घरात नेला. 1984 साली त्यांनी कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. अशा माणसांच्या आणि संघटनांच्या रेट्यातून देशात 1995चा अपंग व्यक्ती कायदा झाला. त्याच्या 44व्या कलमात वाहतुकीचा विषय आहे. रेल्वेचे डबे, बस, जहाजे, विमाने यांत सहज जाता येईल असे बदल करावेत, तेही आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. रिक्षा आणि टॅक्सी या यादीत नाहीत. जहाज आहे, विमान आहे, वडाप नाही.

2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही उणीव भरली, निदान व्याख्येत. ‘वाहतूक व्यवस्था’ म्हणजे काय हे सांगताना त्यात शेवटच्या टप्प्यापर्यंत नेणाऱ्या ‘पॅरा ट्रान्झिट’ साधनांचा, म्हणजे रिक्षा, टमटम, टॅक्सी यांचा, समावेश झाला. 41वे कलम सर्व प्रकारच्या वाहनांची सुगम्यता मागते. जुन्या वाहनांत बदल करण्याचीही अपेक्षा ठेवते, मात्र ते तांत्रिकदृष्ट्या शक्य आणि आर्थिकदृष्ट्या परवडणारे असेल तर. हे वाचून मला आनंद झाला. तो 2017च्या नियमांपर्यंतच टिकला. कायद्याखालच्या 15व्या नियमात मानके दिली आहेत, त्यात वाहनासाठी बसच्या सांगाड्याची मानक संहिता आहे. टॅक्सीसाठी काही नाही. डिसेंबर 2019मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि राखीव आसने, कुबड्या ठेवायची जागा, पकडायचे दांडे, चाकाची खुर्ची आत घेऊन बांधण्याची सोय असे सगळे आले. तेही बससाठी. 3 डिसेंबर 2015 रोजी सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानातही रस्त्यावरच्या वाहनांचे उद्दिष्ट सरकारी मालकीच्या बसगाड्यांपुरतेच होते.

2011च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतल्या 69 टक्के खेड्यांत राहत होत्या. शहरांतल्या बसचे तळ खाली आले तरी या मोठ्या हिश्श्याच्या वाट्याला अजून जीपची पायरीच आहे.

लंडनची काळी टॅक्सी

ज्या देशाकडून आपण परवान्याची पद्धत घेतली, त्याने पुढे काय केले हे पाहणे उद्बोधक आहे. लंडनमध्ये टॅक्सीला परवाना देताना गाडी कशी असावी याचे कडक नियम असतात. 1906पासून तिथे अट आहे की टॅक्सी 25 फुटांच्या वर्तुळात वळली पाहिजे. गाडीच्या घडणीवर अट घालता येते, ही जुनी सवय पुढे कामी आली. 1 फेब्रुवारी 1989पासून नव्याने परवाना घेणाऱ्या प्रत्येक टॅक्सीत चाकाची खुर्ची बसलेल्या माणसासह आत जाऊ शकली पाहिजे, अशी अट आली. जुन्या गाड्यांना मुदत दिली आणि 1 जानेवारी 2000पासून सगळ्याच टॅक्सींना ती लागू झाली. त्यासाठी नवे खाते लागले नाही, वेगळा कर लागला नाही. परवाना देणारे कार्यालय तेच, अर्जही तोच, त्यात एक अट वाढली आणि अकरा वर्षे वाट पाहिली गेली.

दुसरे पाऊल 2010च्या समानता कायद्यातले. त्याचे 165वे कलम एप्रिल 2017पासून अमलात आले. चाकाच्या खुर्चीची सोय असलेल्या आणि अधिकृत यादीत नोंदलेल्या टॅक्सीच्या चालकाने खुर्चीतल्या प्रवाशाला नाकारायचे नाही, मदत करायची आणि त्याबद्दल जादा भाडे घ्यायचे नाही. म्हणजे आक्काच्या वहीतली ‘तीन सीट’ ही नोंद तिथे गुन्हा ठरली असती. अर्थात इंग्लंडच्या खेड्यांत सगळे आलबेल नाही. लंडनबाहेर अशा गाड्यांचे प्रमाण खूपच कमी आहे. पण नियम कुठे कमी पडतो हे तिथे मोजता तरी येते, कारण मोजायला नियम आहे.

आपल्याकडे भाडे नाकारण्याबद्दल 1988च्या कायद्याचे 178वे कलम आहे. दंड दुचाकी-तीनचाकीला 50 रुपयांपर्यंत. इतर कंत्राटी गाड्यांना तो 200 होता, 2019च्या दुरुस्तीने 500 झाला. रिक्षाचा पन्नासवरच राहिला. आणि नकाराचे कारण चाकाची खुर्ची असेल तर काय, यावर कलमात काही नाही. मीटर आणि भाड्याच्या सूत्रावर आपल्याकडे हकीम समिती झाली, खटुआ समिती झाली. किलोमीटरमागचा रुपया-पैसा बारकाईने तपासला गेला. दाराची उंची तपासणारी समिती झाली नाही.

खुर्चीची जागा

बंगळुरूत 2013 साली ‘किकस्टार्ट कॅब्ज’ने आणि त्यानंतर काही वर्षांनी मुंबईत ‘इझी मूव्ह’ने खुर्चीसह प्रवास करता येईल अशा टॅक्सी सुरू केल्या. म्हणजे गाडी बनू शकते, हे सिद्ध झाले आहे. मग ती पिंपळीला का येत नाही? उत्तर पुन्हा आसनक्षमतेत आहे.

समजा, आमच्या गाडीवाल्याने आपल्या सात सीटच्या व्हॅनला मागून उतरण बसवायचे ठरवले. चाकाची खुर्ची 65 ते 70 सेंटीमीटर रुंद आणि मीटरभराहून लांब. वर बांधायचे पट्टे आणि सोबत्याची जागा. मागच्या सीट काढाव्या लागतील. गाडीचा तळ जमिनीपासून 40 सेंटीमीटर धरला, तर इमारतींसाठी सांगितलेल्या एकास बारा या प्रमाणाने उतरण 4.8 मीटर लांब हवी. ती गाडीत मावणार नाही. म्हणून उतरण जास्त चढाची, तळ शक्य तितका खाली आणि ढकलायला माणूस, अशी तडजोड करावी लागते. हा खर्च एकदाचा. पण गेलेल्या सीटचे उत्पन्न रोजचे. शिवाय गाडीत बदल केला म्हणून 52व्या कलमाखाली मंजुरी आणि नोंदणी प्रमाणपत्रात दुरुस्ती. विम्याचा हप्ता परवानाप्राप्त प्रवाशांच्या संख्येवर ठरतो, त्याचा हिशेब पुन्हा. या साऱ्या कागदांत ‘चाकाची खुर्ची : एक’ असा रकाना कुठेच नाही. खुर्ची ही सीट नाही, सामानही नाही. म्हणून ती टपावर जाते.

माझ्या वाचनाचा निष्कर्ष एवढाच आहे. आपल्या कायद्याने अपंग माणसाला वाईट वागवले असे नाही. त्याने त्याला वाहनमालक केले, बसचा सवलतधारक केले, 108ची रुग्णवाहिका आणून तातडीचा रुग्ण केले. पण बाजारहाट, बँक, लग्नकार्य यांसाठी पैसे मोजून गाडी बोलावणारे साधे गिऱ्हाईक मात्र केले नाही. आक्काला आयुष्यभर तेवढेच व्हायचे होते.

वाट बंद नाही. 2019च्या दुरुस्तीने 67व्या कलमात राज्य सरकारला अधिकार दिला आहे की परमिटमध्ये बदल करावा किंवा नव्या योजना आखून त्याखाली परवाने द्यावेत. त्यासाठी जी उद्दिष्टे मोजली आहेत, त्यांत शेवटच्या टप्प्याची जोडणी आणि ग्रामीण वाहतूक ही नावे स्पष्ट आहेत. वडापला रीतसर मार्ग द्यावा आणि त्या बदल्यात दर मार्गावर एक गाडी उतरणीची असावी, अशी अट याच कलमाखाली घालता येईल. गेलेल्या सीटची भरपाई कुठून? आपल्या ग्रामपंचायतींना स्वउत्पन्नाचा 5 टक्के वाटा दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. एका पंचायतीला गाडी झेपणार नाही, पण रस्त्यालगतच्या पाच-सहा गावांनी मिळून रिकाम्या सीटची भरपाई उचलणे अवघड नाही. बारामतीला स्वतःचे परिवहन कार्यालय आहे, एमएच-42. कागद पुण्याला न्यायचीही गरज नाही. आणि 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात तो 15वा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. मानके ऐच्छिक शिफारशींच्या स्वरूपात ठेवून चालणार नाही, बंधनकारक किमान मानके वेगळी करा, असा आदेश केंद्राला दिला. त्या मानकांत बसबरोबर मोटर कॅब आणि मॅक्सी कॅब हे शब्द यावेत, यासाठी आता लिहायला हवे, बोलायला हवे.

आक्का तीन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या आजारात तिला न्यायला रुग्णवाहिका आली. मागचे दार उघडले, स्ट्रेचर आत सरकले, कोणी टपावर काही बांधले नाही. त्या दिवशीची नोंद वहीत नाही, कारण वही लिहिणारी आत झोपली होती. शेवटची नोंद त्याच्या महिनाभर आधीची आहे, भाचीच्या साखरपुड्याच्या दिवसाची. तारीख, त्यापुढे ‘इंदापूर’, आणि त्यापुढे ‘गाडी मिळाली नाही.’